ऑनर्स पदवीला प्रवेश : चौथ्या वर्षाचा निर्णय कसा घ्यावा

या पाठाचा अभ्यास केल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी सांगता आल्या पाहिजेत.

- तीन वर्षांची पदवी, ऑनर्स पदवी आणि संशोधनासह ऑनर्स पदवी यांतला फरक
- चौथ्या वर्षाचे ४० श्रेयांक कशाकशाचे असतात
- संशोधनासह ऑनर्ससाठी लागणारी ७५ टक्क्यांची अट आपल्या गुणपत्रिकेला कशी लावून पाहायची
- चौथे वर्ष कोणाला उपयोगी पडते आणि कोणाला पडत नाही
- निर्णयाआधी आपल्या विभागात कोणते प्रश्न विचारायचे

१. प्रस्तावना

पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या शेवटी आता प्रत्येक विद्यार्थ्यापुढे एक प्रश्न येतो. पदवी घेऊन बाहेर पडायचे, की आणखी एक वर्ष थांबून ऑनर्स करायचे? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमांचा नवा आराखडा जाहीर केला. त्यात चौथे वर्ष ऐच्छिक ठेवले आहे. ऐच्छिक गोष्टीचा निर्णय स्वतःच घ्यावा लागतो, आणि तो माहिती नसताना घेतला तर एक वर्ष आणि घरचे पैसे दोन्ही पणाला लागतात.

या पाठातला मुख्य मुद्दा आधीच सांगून ठेवू. ऑनर्सचा अर्ज सहाव्या सत्रानंतर भरायचा असला, तरी संशोधनासह ऑनर्सला प्रवेश मिळणार की नाही हे पहिल्या सत्रापासून ठरत जाते. म्हणून हा पाठ तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याइतकाच पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासाठीही आहे.

उदाहरणासाठी आपण छत्तीसगडमधील भिलाई घेतली आहे. देशभर विखुरलेल्या मराठी विद्यार्थ्यांची स्थिती तिथे चांगली दिसते. घरात मराठी, कॉलेजात हिंदी किंवा इंग्रजी, नियम त्या राज्याच्या विद्यापीठाचे, आणि नातेवाइकांचे सल्ले मात्र नागपूर-पुण्याच्या अनुभवावरून आलेले.

२. 'ऑनर्स' या शब्दाचे दोन अर्थ

जुन्या पिढीशी बोलताना गोंधळ होतो, कारण त्यांच्या डोक्यात ऑनर्सचा अर्थ वेगळा असतो. कोलकाता आणि दिल्ली विद्यापीठांत 'पास कोर्स' आणि 'ऑनर्स' असे दोन प्रकार वर्षानुवर्षे होते. एकाच विषयाचा सखोल अभ्यास करणारा विद्यार्थी ऑनर्सचा, आणि दोन-तीन विषय सारख्या वजनाने शिकणारा पासचा. तो फरक विषयाच्या खोलीचा होता. महाराष्ट्रात ही विभागणी तितकी रुळली नाही. तिथे बी.ए.च्या शेवटच्या वर्षात 'स्पेशल' विषय घेण्याची पद्धत होती.

नव्या आराखड्यात ऑनर्स म्हणजे पदवीचे चौथे वर्ष पूर्ण करणे. हा काही विशेष गुणवत्तेचा किताब नाही. तीन वर्षे पूर्ण केली की पदवी, चार पूर्ण केली की ऑनर्स पदवी. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीचा स्तर ५.५ आणि ऑनर्सचा ६.० धरला आहे.

ही कल्पना याआधीही आली होती. दिल्ली विद्यापीठाने २०१३ मध्ये चार वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला आणि जून २०१४ मध्ये तो मागे घेतला. नव्या धोरणाखाली २०२२-२३ पासून तो पुन्हा आला, आणि त्या तुकडीचे चौथे वर्ष २०२५-२६ मध्ये सुरू झाले. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालये आणि विद्यापीठ विभाग २०२३-२४ पासून, तर संलग्न महाविद्यालये २०२४-२५ पासून या रचनेत आली. छत्तीसगडमध्येही राज्यभर २०२४-२५ पासून ती लागू झाली. म्हणजे भिलाईतली २०२४-२५ ची तुकडी २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षाला पोहोचते. पहिल्या काही तुकड्यांना विचारायला 'मागच्या वर्षीचे' सीनियर नसतात. म्हणून नियम मुळातून वाचण्याला पर्याय नाही.

३. श्रेयांकांचा हिशेब

श्रेयांक म्हणजे क्रेडिट. व्याख्यानाचा १ श्रेयांक म्हणजे एका सत्रात १५ तास. प्रयोगशाळा, क्षेत्रकार्य किंवा प्रकल्पाचा १ श्रेयांक म्हणजे ३० तास. हे माप लक्षात ठेवा, पुढे ते लागणार आहे.

यूजीसीच्या आराखड्यातील किमान श्रेयांक असे आहेत.

| घटक | ३ वर्षे | ४ वर्षे |
|---|---|---|
| मुख्य विषय (मेजर) | ६० | ८० |
| दुय्यम विषय (मायनर) | २४ | ३२ |
| बहुविद्याशाखीय विषय | ९ | ९ |
| क्षमतावर्धक विषय (भाषा) | ८ | ८ |
| कौशल्य विषय | ९ | ९ |
| मूल्यवर्धित विषय | ६ ते ८ | ६ ते ८ |
| उन्हाळी इंटर्नशिप | २ ते ४ | २ ते ४ |
| संशोधन प्रकल्प | – | १२ |
| एकूण | १२० | १६० |

आता दोन्ही स्तंभांची वजाबाकी करा. मुख्य विषयात २०, दुय्यम विषयात ८ आणि प्रकल्पात १२ श्रेयांक वाढतात. बाकी सगळे तीन वर्षांतच संपलेले असते. म्हणजे चौथ्या वर्षी भाषा, पर्यावरण, कौशल्य यांचे पेपर नसतात. फक्त तुमचा विषय आणि तुमचे काम उरते. ज्याला आपला विषय मनापासून आवडतो त्याला हे वर्ष पहिल्या तीन वर्षांपेक्षा सुखाचे वाटू शकते. ज्याने विषय केवळ 'मिळाला म्हणून' घेतला, त्याला ते जड जाईल.

हे किमान आकडे आहेत. राज्ये त्यात थोडा बदल करू शकतात. महाराष्ट्रात सत्राला २० ते २२ श्रेयांक आहेत, म्हणून तिथे तीन वर्षांचे १२० ते १३२ आणि चार वर्षांचे १६० ते १७६ होतात.

तीन वर्षांआधी थांबण्याचीही सोय आहे. एका वर्षानंतर ४० श्रेयांक आणि ४ श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप पूर्ण केली तर प्रमाणपत्र, आणि दोन वर्षांनंतर ८० अधिक ४ असतील तर पदविका मिळते. तिथून बाहेर पडलेल्याला तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करावी लागते.

४. चौथ्या वर्षाच्या दोन वाटा

*पहिली वाट : ऑनर्स.* यात १२ श्रेयांकांच्या प्रकल्पाऐवजी तेवढ्याच श्रेयांकांचे तीन प्रगत पेपर असतात. अभ्यास व्याख्याने, प्रयोग आणि परीक्षा या ओळखीच्या पद्धतीने चालतो.

*दुसरी वाट : संशोधनासह ऑनर्स.* पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण असणारा आणि संशोधनाची इच्छा असणारा विद्यार्थी ही वाट निवडू शकतो. मार्गदर्शक प्राध्यापकाच्या हाताखाली १२ श्रेयांकांचा प्रकल्प किंवा प्रबंध पूर्ण करावा लागतो.

मघाचे माप इथे लावा. १२ श्रेयांक गुणिले ३० तास म्हणजे ३६० तास. प्रकल्प दोन सत्रांत विभागला तर १५ आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला १२ तास पडतात. सगळा आठव्या सत्रात आला तर आठवड्याला २४ तास. ज्याला संध्याकाळी शिकवण्या घ्याव्या लागतात किंवा दुकानात बसावे लागते, त्याने हा आकडा वेळापत्रकात मांडूनच होकार द्यावा.

पुढच्या शिक्षणासाठी दोन वाटांचे फळ असे आहे.

- तीन वर्षांच्या पदवीनंतर एम.ए. किंवा एम.एस्सी. दोन वर्षांचे.
- चार वर्षांच्या ऑनर्सनंतर, कोणत्याही वाटेने, पदव्युत्तर पदवी एका वर्षात घेता येते. मात्र ते एक वर्षाचे वर्ग तुमच्या विद्यापीठात चालू असले पाहिजेत.
- यूजीसीच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमांप्रमाणे चार वर्षांच्या पदवीत एकूण ७५ टक्के असणारा विद्यार्थी थेट पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र ठरतो. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेअर इतर मागासवर्ग, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना ५ टक्क्यांची सवलत आहे. २०२४ पासून शेवटच्या वर्षातील असे विद्यार्थी नेट परीक्षेलाही बसू शकतात.

३ अधिक २ आणि ४ अधिक १ यांची बेरीज सारखीच, ५ वर्षे. ज्याला एम.ए.-एम.एस्सी. करायचेच आहे त्याचे चौथे वर्ष वाया जात नाही. पण ज्याला पदवीनंतर थांबायचे आहे त्याच्यासाठी ते एक जादा वर्ष आहे.

इथे एक सावधगिरी बाळगा. पदव्युत्तर पदवी न घेता थेट पीएच.डी.ला गेल्याने एक वर्ष वाचते. परंतु यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत सहायक प्राध्यापक पदासाठी पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के ही अट आहे. कॉलेजात शिकवण्याचे ध्येय असेल तर एम.ए.-एम.एस्सी. टाळण्याआधी भरतीच्या ताज्या जाहिरातीतली पात्रता शब्दशः वाचा.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी ऑनर्सचा अर्थ आणखी निराळा आहे. बी.टेक. मुळातच चार वर्षांचे असल्याने वर्ष वाढत नाही. एआयसीटीईच्या रचनेत त्याच चार वर्षांत १८ ते २० जादा श्रेयांक मिळवले की पदवीला ऑनर्स जोडता येते. शेजारी एक बी.टेक. ऑनर्स करतो आणि दुसरी बी.एस्सी. ऑनर्स, तेव्हा दोघे एकच शब्द वापरत असले तरी गोष्टी दोन असतात.

५. ७५ टक्क्यांची अट : पहिल्या सत्रापासून हिशेब

हा या पाठाचा गाभा आहे. वही-पेन घेऊन वाचा.

सहा सत्रांचे श्रेयांक सारखे असतील तर एकूण श्रेणीगुण, म्हणजे सीजीपीए, ही सहा सत्रांच्या एसजीपीएची साधी सरासरी असते. श्रेयांक कमीजास्त असतील तर प्रत्येक सत्राचा एसजीपीए त्याच्या श्रेयांकांनी गुणून, बेरजेला एकूण श्रेयांकांनी भागा.

समजा तुमच्या विद्यापीठात ७५ टक्के म्हणजे ७.५ सीजीपीए. सहा सत्रांत मिळून ४५ हवेत. तुमची पहिली तीन सत्रे ६.८, ७.० आणि ७.४ अशी गेली.

- तीन सत्रांनंतर : बेरीज २१.२. उरलेल्या तीन सत्रांत २३.८ हवेत, म्हणजे सरासरी ७.९३.
- चौथ्या सत्रात ७.२ मिळाले : बेरीज २८.४. उरलेल्या दोन सत्रांत १६.६, म्हणजे सरासरी ८.३.
- पाचव्या सत्रात ७.६ मिळाले : बेरीज ३६. सहाव्या सत्रात एकट्याने ९.० हवेत.

पाहा, विद्यार्थी दर सत्रात फार वाईट करत नाही. चौथ्या सत्राचा अपवाद सोडला तर तो सुधारतोच आहे. तरीही दार हळूहळू बंद होत जाते, कारण दर सत्राला हातातली सत्रे कमी होतात. पहिल्या वर्षाला 'अजून वेळ आहे' असे वाटते, पण पहिल्या सत्राचे वजन सहाव्या सत्राइतकेच असते.

दुसरी गोष्ट, ७५ टक्के म्हणजे किती सीजीपीए? हे सगळीकडे सारखे नाही. काही ठिकाणी सीजीपीएला १० ने गुणतात, तेव्हा ७५ टक्के म्हणजे ७.५. एआयसीटीईच्या तक्त्याप्रमाणे ८.२५ म्हणजे ७५ टक्के. त्यामुळे ७.९ चा विद्यार्थी एका सूत्राने आत आणि दुसऱ्याने बाहेर. वरच्या उदाहरणातच रेषा ८.२५ ची धरली तर तीन सत्रांनंतर उरलेल्या सत्रांत सरासरी ९.४३ लागते. आपल्या विद्यापीठाचे सूत्र गुणपत्रिकेच्या मागे किंवा परीक्षा अध्यादेशात असते. ते पहिल्याच वर्षी शोधून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

एखाद्या पेपरात नापास झाल्यास तो पुन्हा देता येतो. परंतु एटीकेटीत सुटलेल्या पेपरचे गुण सरासरीत कसे धरतात, आणि श्रेणी सुधारण्यासाठी पेपर पुन्हा देता येतो का, हे नियमही त्याच अध्यादेशात पाहा. रेषेच्या जवळ असलेल्या विद्यार्थ्याचा निकाल तिथे फिरतो.

६. भिलाईच्या सेक्टर ६ मधून पाहताना

समजा तुम्ही सेक्टर ६ मधल्या क्वार्टरमध्ये राहता आणि पोलाद कारखान्याची नोकरी हा घराचा आधार आहे. १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटल्यापासून देशभरातून कुटुंबे इथे आली, त्यांत मराठीही होती. तुमच्यापुढे कोणते पर्याय आहेत?

जवळच सेक्टर ७ मध्ये कल्याण स्नातकोत्तर महाविद्यालय आहे. हॉस्पिटल सेक्टरमध्ये भिलाई महिला महाविद्यालय आहे. दुर्गला शासकीय विश्वनाथ यादव तामस्कर स्नातकोत्तर स्वायत्त महाविद्यालय आहे, ज्याला गावात सगळे साइन्स कॉलेज म्हणतात. या भागातली महाविद्यालये २०१५ साली स्थापन झालेल्या, दुर्ग येथील हेमचंद यादव विद्यापीठाशी जोडलेली आहेत. यांतला एक शब्द नीट पाहा : स्वायत्त. स्वायत्त महाविद्यालय आपला अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवते, पदवी मात्र विद्यापीठाचीच असते. त्यामुळे एकाच विद्यापीठाखाली असूनही दुर्गच्या आणि भिलाईच्या मित्राच्या ऑनर्सचे पेपर वेगळे असू शकतात. एकाच्या नोट्स दुसऱ्याने डोळे मिटून वापरू नयेत.

शब्दांचाही फरक आहे. पुण्याची मावसबहीण 'मेजर', 'मायनर' आणि 'ओई' म्हणते. तुमच्या वेळापत्रकात 'डीएससी', 'डीएसई' आणि 'जीई' असते. डीएससी म्हणजे विषयाचा मूळ पेपर, डीएसई म्हणजे त्याच विषयातला निवडीचा पेपर, आणि जीई म्हणजे दुसऱ्या शाखेतला पेपर. एईसी, व्हीएसी आणि एसईसी हे भाषा, मूल्य आणि कौशल्य यांचे गट दोन्हीकडे ओळखीचे आहेत. पण नावे जुळली म्हणून श्रेयांक जुळतात असे समजू नका. महाराष्ट्रात भारतीय ज्ञानप्रणालीचा वेगळा घटक आहे, क्षेत्रकार्य आणि ऑन जॉब ट्रेनिंगचेही श्रेयांक आहेत.

हे महत्त्वाचे अशासाठी, की चौथे वर्ष दुसऱ्या शहरात करण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. रायपूरचे पं. रविशंकर शुक्ल विद्यापीठ लोकलच्या अंतरावर आहे. नागपूर त्याच रेल्वेमार्गावर, काही तासांवर आहे आणि तिथे काका-मामा असतात. श्रेयांक अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात आणि तत्त्वतः दुसऱ्या संस्थेत नेता येतात. त्यासाठी तुमचे एबीसी खाते किंवा अपार क्रमांक तयार हवा आणि प्रत्येक सत्राचे श्रेयांक त्यात दिसायला हवेत. डिजिलॉकरमध्ये दर सत्रानंतर तपासा. सहा सत्रांचे एकदम तपासायला बसलात तर एखाद्या सत्राची चूक सुधारून घ्यायला महिने जातात.

श्रेयांक नेता येतात याचा अर्थ प्रवेश मिळतोच असा नाही. नव्या संस्थेत सातव्या सत्राला जागा हवी, आणि तुमच्या मुख्य विषयाचे तीन वर्षांतले श्रेयांक तिथल्या किमान अटीइतके भरायला हवेत. ज्यांनी तीन वर्षे तीन मूळ विषय सारख्या वजनाने घेतले आहेत, त्यांनी ही बेरीज विशेष काळजीने करावी. कोणत्या एका विषयात ऑनर्स करायचे हे उशिरा ठरवले, तर त्या विषयाचे श्रेयांक कमी पडण्याची शक्यता असते.

७. प्रकल्पाचा विषय : मोठ्यातून लहानाकडे

संशोधनासह ऑनर्स घेणाऱ्यांचा वेळ सर्वात जास्त कशात जातो? विषय ठरवण्यात. कारण सुरुवातीचे विषय पुस्तकाच्या नावासारखे असतात. ३६० तासांत काय होईल हे धरून विषय आवळावा लागतो. भिलाईतलीच तीन उदाहरणे घ्या.

*रसायनशास्त्र.* 'भिलाईतील जलप्रदूषण' हा विषय ३६० तासांचा नाही. 'मरोदा जलाशयातील तीन ठिकाणच्या पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन : पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर' हा होऊ शकतो. पण इथे कॅलेंडर पाहा. या भागात पाऊस साधारण जूनच्या मध्यावर येतो, आणि सातवे सत्र सुरू होईपर्यंत पावसाळा लागलेला असतो. पावसाळ्यापूर्वीचे नमुने हवे असतील तर सहाव्या सत्राची परीक्षा संपताच, मे महिन्यातच मार्गदर्शकांशी बोलून ते घ्यावे लागतील. नाही तर प्रश्नच बदलावा लागेल.

*समाजशास्त्र.* 'भिलाईचे कामगार' या विषयावर जोनाथन पॅरी या मानववंशशास्त्रज्ञाने अनेक वर्षांच्या क्षेत्रकार्यावर आधारलेला 'क्लासेस ऑफ लेबर' हा ग्रंथ २०२० मध्ये प्रसिद्ध केला. कायम नोकरीतले कामगार आणि ठेक्यावरचे कामगार यांच्या जगण्यातली दरी हा त्याचा मध्यवर्ती मुद्दा. तुम्हाला तेवढे करायचे नाही. 'एका मोहल्ल्यातील कायम आणि ठेका कामगारांच्या वीस कुटुंबांचा मुलांच्या शिक्षणावरील खर्च' एवढा प्रश्न पुरे. मोठा ग्रंथ आधी वाचलेला असेल तर तुमच्या वीस कुटुंबांच्या उत्तरांत काय शोधायचे ते कळते.

*भाषाविज्ञान किंवा साहित्य.* 'भिलाईतील मराठी' ऐवजी 'टाउनशिपमधील दहा मराठी घरांत तीन पिढ्या एकमेकांशी बोलताना नातेवाचक शब्द कोणत्या भाषेतले वापरतात'. प्रबंध हिंदीत किंवा इंग्रजीत लिहावा लागला तरी सामग्री तुमच्या घरातली आहे, आणि ती गोळा करण्यासाठी लागणारे कान बाहेरच्या संशोधकाकडे नसतात.

तिन्ही उदाहरणांत एक सूत्र आहे. ठिकाण, संख्या आणि काळ ठरवला की विषयाचा प्रश्न होतो. माणसांची मुलाखत घेणार असाल तर त्यांची संमती आधी घ्या आणि नावे गाळा. दुसऱ्याचा मजकूर वापरला तर अवतरणात आणि संदर्भासह वापरा. प्रबंध सादर करताना साम्य-तपासणी होते, आणि यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचेच साम्य किरकोळ मानले आहे.

८. चौथे वर्ष कोणी घ्यावे, कोणी घेऊ नये

*घ्यावे :* ज्यांना त्याच विषयात एम.ए.-एम.एस्सी. किंवा पीएच.डी. करायची आहे, ज्यांना चार वर्षांची पदवी मागणाऱ्या परदेशी विद्यापीठात अर्ज करायचा आहे, आणि ज्यांना संशोधन जमेल का हे पाच वर्षांच्या पीएच.डी.त उडी घेण्याआधी एका वर्षात पाहायचे आहे. शेवटचे कारण मला सर्वात मोलाचे वाटते. ३६० तास एका प्रश्नाबरोबर राहिल्यावर स्वतःबद्दल जे कळते ते कुठल्याही समुपदेशनात कळत नाही.

*घेऊ नये :* ज्यांचे ध्येय पदवीधरांसाठीच्या स्पर्धा परीक्षा आहे. संघ लोकसेवा आयोग, कर्मचारी निवड आयोग, बँका आणि राज्य सेवा यांच्या सर्वसाधारण परीक्षांना पदवी लागते, ऑनर्स लागत नाही. 'ऑनर्समुळे मुलाखतीत वजन पडते' अशा ऐकीव गोष्टीवर वर्ष खर्च करू नका. तसेच केवळ पुढे काय करायचे ते सुचत नाही म्हणून थांबणाऱ्यानेही दोनदा विचार करावा. चौथ्या वर्षात सुचेलच असे नाही.

मधला एक मोठा गट आहे, ज्यांचा निर्णय गुणांपेक्षा घरावर अवलंबून असतो. वडिलांची निवृत्ती दोन वर्षांवर असेल तर फीबरोबर क्वार्टर सोडण्याचा प्रश्नही येतो. धाकट्या भावाचे कॉलेज त्याच वर्षी सुरू होणार असते. अशा वेळी घरच्यांना 'मला ऑनर्स करायचे आहे' एवढेच सांगू नका. एका कागदावर दोन रकाने काढा. एकात ३ अधिक २ चा वर्षवार खर्च, दुसऱ्यात ४ अधिक १ चा : फी, जाणे-येणे किंवा वसतिगृह, शिष्यवृत्ती, आणि पहिला पगार कोणत्या वर्षी सुरू होऊ शकतो ते. चौथे वर्ष घरी राहून, सायकलच्या अंतरावरच्या कॉलेजात होत असेल आणि दोन वर्षांची एम.एस्सी. दुसऱ्या शहरात करावी लागणार असेल, तर ४ अधिक १ मध्ये बाहेर राहण्याचा एक वर्षाचा खर्च वाचतो. उलट तुमच्या विद्यापीठात एक वर्षाची पदव्युत्तर पदवी सुरूच झाली नसेल, तर ४ अधिक २ होण्याचा धोका आहे. बाबांना मागायचे आहे ते एक वर्ष. ते मागताना आकडे समोर असले की बोलणे भांडणाकडे जात नाही.

९. विभागात विचारायचे प्रश्न

पाचव्या सत्रात, अर्ज भरण्याच्या बऱ्याच आधी, विभागप्रमुखांना भेटून ही उत्तरे लिहून घ्या.

१. माझ्या विषयात चौथे वर्ष आपल्याकडे सुरू होणार आहे का? ऑनर्स, की संशोधनासह ऑनर्ससुद्धा?
२. विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक किती आहेत? एका मार्गदर्शकाकडे किती विद्यार्थी घेतले जातील?
३. जागा मर्यादित असतील तर निवड कशी होईल?
४. ७५ टक्क्यांसाठी सीजीपीएचे कोणते सूत्र धरले जाते?
५. मुख्य विषयाचे माझे किती श्रेयांक झाले आणि किती कमी पडतात?
६. प्रकल्प एका सत्रात आहे की दोन?
७. प्रयोगशाळेतील उपकरणे, रसायने, प्रवास यांचा खर्च कोण करते?
८. विद्यापीठात एक वर्षाची पदव्युत्तर पदवी कधीपासून आहे?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नसेल तर बाकीची उत्तरे कितीही चांगली असली तरी संशोधनाची वाट तिथे घेऊ नका. मार्गदर्शक नसलेला प्रकल्प म्हणजे शेवटच्या महिन्यात जुळवलेली पाने. त्यापेक्षा तीन पेपरांचे ऑनर्स प्रामाणिकपणे करणे चांगले.

१०. सारांश

- नव्या रचनेत ऑनर्स म्हणजे चौथे, ऐच्छिक वर्ष : २० श्रेयांक मुख्य विषय, ८ दुय्यम विषय आणि १२ प्रकल्प किंवा तीन पेपर.
- संशोधनासह ऑनर्ससाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. म्हणून तयारी पहिल्या सत्रापासून सुरू होते.
- ७५ टक्क्यांचे सूत्र, मुख्य विषयाचे श्रेयांक आणि मार्गदर्शकांची उपलब्धता या तीन गोष्टी आपल्या विद्यापीठात स्वतः तपासाव्यात.
- विषय ठरवताना ठिकाण, संख्या आणि काळ यांनी तो आवळावा.
- पुढे त्याच विषयात शिकायचे असेल तर चौथे वर्ष वाया जात नाही. केवळ पदवी लागणाऱ्या वाटेवर ते आवश्यक नाही.

आपली प्रगती तपासा

१. एका विद्यार्थिनीचे पहिल्या चार सत्रांचे एसजीपीए ७.२, ७.०, ७.८ आणि ७.६ आहेत. सर्व सत्रांचे श्रेयांक सारखे आहेत. पुढील दोन सत्रांत तिला सरासरी किती हवेत, (अ) रेषा ७.५ असल्यास, (आ) रेषा ८.२५ असल्यास?
२. चौथ्या वर्षाच्या ४० श्रेयांकांपैकी किती टक्के प्रकल्पाचे असतात?
३. तुमच्या गावातला एक मोठा विषय घ्या आणि ठिकाण, संख्या, काळ घालून ३६० तासांत बसेल असा प्रश्न तयार करा.
४. तुमच्या घरासाठी ३ अधिक २ आणि ४ अधिक १ यांच्या खर्चाचे दोन रकाने भरा.

*उत्तरे :* १. (अ) बेरीज २९.६, हवेत ४५, म्हणून १५.४ भागिले २, म्हणजे ७.७. (आ) हवेत ४९.५, म्हणून १९.९ भागिले २, म्हणजे ९.९५. पहिली गोष्ट तिच्या आवाक्यात आहे, दुसरी जवळजवळ अशक्य. २. ३० टक्के. ३ आणि ४ यांची उत्तरे प्रत्येकाची वेगळी असतील. तिसऱ्याचे उत्तर विषयाच्या प्राध्यापकांना दाखवा आणि चौथ्याचे घरी.